पंधरा शतांश

गुनवोर आधी आकडा विचारत नाही.
ब्लॉक टेबलावर घेते, रॉकेलने पुसते,
सिलिंडरच्या भिंतीवरून बोट फिरवते,
कापडवाल्याने पोत बघावा तसं.

आकडा येर्केरच सांगतो. पाचशे.
लिक्सेलेत सगळ्यांनाच पाचशे हवे असतात.
बाहेर उणे अठ्ठावीस,
दारात अठ्ठ्याऐंशी सालची व्होल्वो,
बाप जिच्यातून बटाट्यांची पोती आणायचा ती,
मागच्या सीटवर अजून कुत्र्याचे केस.

"रॉड कुठले?"
"आहेत तेच."

ती हसत नाही. फळीवरून एक रॉड उतरवते,
कमरेत वाकलेला, कुणाच्या पाया पडायला निघालेला.
"हा तीनशेला. सांगून वाकला."
मग दुसरा. त्याला मधलं काहीच नाही,
नुसती दोन टोकं.
"हा न सांगता."

मी इथे दुसऱ्या वर्षाला. फळी पुसणं माझ्याकडे.
प्रत्येक तुकड्याखाली चिठ्ठी:
नाव, तारीख, मालकाने मागितलेला आकडा.
कड मेणासारखी ओघळलेला पिस्टन.
तांबं उघडं पडलेलं बेअरिंग.
ब्लॉकचा चतकोर, त्यात मूठ जाईल एवढं भोक.
एकाही चिठ्ठीवर कारण नाही.
विचारलं तर म्हणाली, जागा कमी.

मला वाटायचं, स्फोट मारतो.
वरून एवढा दणका बसतो, लोखंड किती सोसणार?
तिने पेन्सिल घेतली, ब्रेडच्या पुड्यावरच काढून दाखवलं.
"ढकलल्याने वाकतो. तुटतो तो ओढल्याने.
धूर बाहेर टाकायचा फेरा असतो,
वर दाब नाही, टेकायला उशी नाही.
पिस्टन वर जातो आणि जातच राहीन म्हणतो.
त्याला परत कोण आणतं? हे दोन बोल्ट.
मिनिटाला सात हजार फेरे झाले
की अर्ध्या किलोचा पिस्टन सव्वा टनाचा होतो.
पोरं रेघ ओलांडतात, जिंकतात,
खुशीत पाय उचलतात,
आणि तेव्हा तुटतं."

तिचा भाऊ सिक्स्टेन
एकेचाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत होता,
एक दिवस आजारी पडला नाही.
पेन्शनीच्या तिसऱ्या आठवड्यात गेला,
सकाळी, बूट घालता घालता.
हे मला बेकरीतल्या बाईने सांगितलं.
मी दोन गोष्टी जोडत नाही.
जोडायचं काम गुनवोरचं,
आणि तीही जोडत नाही.

तुटेपर्यंत ताणू नये, असं माणसं म्हणतात.
बोल्टला हे पटणार नाही.
ताणलाच नाही तर तो धरतच नाही.
नव्या रॉडचा बोल्ट ती आवळत नेते,
दोन टोकांना मापक, श्वास रोखलेला:
पंधरा शतांश मिलिमीटर.
कागदाहून जरासं जास्त.
एवढा लांब झाला की मग धरतो.
सोडला की मूळ मापाला यायला हवा.
एक शतांश जरी लांब राहिला
तर डब्यात. दिसायला कोरा करकरीत.
"हा परत आला नाही," एवढंच म्हणते.

येर्केरने तीन महिने घासाघीस केली,
शेवटी स्नोमोबाईल विकून रॉड घेतले,
आणि तिने चारशेवर रेघ मारली.
कागदावर नाही, त्याच्या छातीवर बोटाने.

जूनमध्ये जुन्या धावपट्टीवर
रात्रीचे अकरा, ऊन अजून तसंच,
डास, तळलेल्या सॉसेजचा वास,
शेजारच्या गल्लीत लाल फोर्ड.
हिरवा दिवा लागला तेव्हा सगळे ओरडले.
गुनवोर नाही. ती टोकाला होती,
जिथे शर्यत बघायला कुणी उभं राहत नाही.

व्होल्वो आली. रेघ मागे पडली.
थर्मासचं झाकण तिच्या हातात,
कॉफी ओतायची राहिलेली.

आता तो पाय उचलेल.