इतर

नेसच्या सामलची पेटी
बंदराच्या गोदामात सत्त्याऐंशी वर्षं पडून होती.
गोदाम पाडायचं ठरलं, तेव्हा तोर्सहाव्नहून चिठ्ठी आली:
वारस शोधा.

सोपं आहे, मी म्हटलं.
फेरो बेटांवरची सगळी माणसं आमच्या संगणकात
ठिपके होऊन बसलेली,
ठिपक्याठिपक्यांत नात्यांच्या रेघा.
सामलवर बोट ठेवायचं, रेघ धरून निघायचं,
पहिला जिवंत माणूस भेटला की थांबायचं.
सुतावरून स्वर्ग गाठायचा, इतकंच.

दुपारी दोनला प्रश्न सोडला.
चारला यंत्राचा पंखा घोंघावायला लागला,
सहाला बार्दुरने खिडकी उघडली,
आठला सामलचे वारस निघाले
एकेचाळीस हजार.

पाद्री!
एकाच पाद्र्याने अकराशे पोरांचा बाप्तिस्मा केलेला.
त्याच्या ठिपक्यात शिरलं
की कुणीही कुणाचाही, दोन पावलांत.
देवाच्या दारी असंच असेल,
पण पेटी देवाला द्यायची नव्हती.

पाद्री वगळला.
मग चुलत्यांनी घेरलं.
इथे घरातल्या घरात सोयरिकी, जो मामा तोच सासरा.
एकाच म्हातारीकडे तीन वाटांनी पोचून
प्रश्न तिला तीनदा मोजून आला,
आणि पुन्हा निघाला,
धुक्यात चुकलेली मेंढी
आपल्याच खुरांचा माग काढते तसा.

चार पावलांची मर्यादा घातली.
शून्य ओळी.
बाण उलटे धरले, लेकाकडून बापाकडे.
शून्य.
सामलच्या नावापुढे ‘बाप’ ही रेघ होती,
तिच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.

बार्दुर म्हणाला, गाळलंयस काय काय?
मी वाचून दाखवलं:
बाप्तिस्मा, शेजार, एका बोटीवरचं काम,
आणि इतर.
इतर सगळेच गाळतात.
ज्या नात्याला नाव सुचलं नाही
ते जुन्या कारकुनांनी तिथे लोटलेलं.
नव्वद हजार रेघा. केर.

तो काही बोलला नाही. कॉफी आणायला गेला.
मी इतर आत घेतलं.

एक पाऊल.
एल्स्पा. वागुर गाव, बेकरीच्या वरची खोली.
जिवंत.

बोटीने दोन तास. ती पंच्याण्णव वर्षांची,
खोलीत पावाचा वास, खुर्चीवर मांजर.
पेटी देता येणार नाही, हे मी दारातच सांगून टाकलं.
कायद्याला ‘इतर’ चालत नाही.
तिने मान हलवली.
पडद्यावरचे दोन ठिपके तिने बघितलेही नाहीत.
मधल्या रेघेवर बोट ठेवलं,
काचेवरची वाफ पुसावी तसं फिरवलं.
काय लिहिलंय इथे?
मी वाचलं.
तिला हसू आलं, मांजर दचकलं.

म्हणाली, मी आठ वर्षांची होते.
तो आमच्या चुलीपाशी येऊन बसायचा,
कुणी बोलावलेलं नसायचं, कुणी हाकलायचंही नाही.
माझ्या डाव्या पायाचा मोजा त्याने विणून दिला.
उजवा
पुढच्या खेपेला आणतो म्हणाला.

पेटी सध्या माझ्या टेबलाखाली आहे.
कुलूप गंजलंय, एका हिसक्यात निघेल.
उघडायचा हक्क कुणाचा,
तो प्रश्न अजून चालू आहे.