चार कॉलम

फोटो मी जांभळेवाडीचा काढला
कारण तिथवर डांबर होतं.
पेट्रोल रिझर्व्हला आलेलं,
वर धायटीच्या धनगरवाड्याला जायचं
तर अजून दीड तासाची चढण, तीही पायी.
म्हटलं, ओढा तोच. कुजकी लाकडंही तीच.

समृद्धी मानकुमरे, यत्ता सहावी,
दप्तर डोक्यावर, एका हातात चपला,
साकवाच्या मधोमध.
"थांब जरा बाळ," मीच म्हणालो,
"खाली पाण्याकडं बघ."
तिनं बघितलं, तेव्हा ती खरंच घाबरली.
त्याआधी ती नुसती शाळेला चालली होती.

पहिल्या पानावर, चार कॉलम.
साताऱ्यात साहेबांनी सकाळच्या चहाबरोबर पाहिला.
दुपारी चॅनेलवाले आले, ड्रोन उडवलं,
पोरीला पाच वेळा ये-जा करायला लावली.
गुरुवारी अंदाजपत्रक, सोमवारी मंजुरी.
बावीस लाख.
एवढ्या घाईनं आमच्या पाटणला
एसटीसुद्धा येत नाही.
(फोटोचे मला शंभर रुपये. दोन महिन्यांनी.)

पैसे आले कुठून, हे मी विचारलं नव्हतं.
बांधकामच्या सुतार भाऊसाहेबांनी
पानाला चुना लावता लावता आपणहून सांगितलं:
"आभाळातनं पडत्यात व्हय?
मोरेवस्तीच्या उपकेंद्राचं छत होतं यादीत,
तीन वर्षं पहिल्या नंबरला.
ते सरकवलं खाली.
बाळंतिणीच्या खाटंखाली बादली ठेवत्यात तिथं,
पर बादलीचा फोटो कोण छापतंय?"
आणि पान तोंडात टाकलं.

मला वाटलं, छापला असता.
मग वाटलं, दोन कॉलम. आतल्या पानावर.

नव्या पुलाच्या उद्घाटनाला
नारळ मिळाला, शाल मिळाली.
समृद्धी दुसऱ्या रांगेत होती,
मला ओळखून तिनं मान खाली घातली.

परवा बिरू येडगे आले, धायटीचे.
बसा म्हटलं तरी उभेच.
बंडीच्या खिशातून कात्रण काढलं,
घड्यांवर फाटत आलेलं,
टेबलावर तळव्यानं सपाट केलं.
"ह्याच्यापरास वंगाळ हाय आमचा साकव.
सातवीतली पोरगी बी हाय.
कवा येताय तेवढं सांगा,
न्हाऊ-माखू घालून, विंचरून हुबी करतो."

दारापर्यंत गेले, परत वळले.
"का नगं विंचरायला?"