पुसलेलं किती दिवस ठेवायचं

सारेमा बेटाच्या दक्षिण टोकाला,
हवामानकेंद्राच्या जुन्या क्वार्टरात
मी, हेल्यु, वय एकाहत्तर,
तीन प्रोग्रॅम उतरवून घेतलेत. तिन्ही महिनाभर फुकट.
बियाण्याच्या रिकाम्या पाकिटामागं (बीट, लवकर येणारं)
पेन्सिलीनं रकाने आखलेत :
किंमत. वेग. भाषा. चुकलं तर काय.

डिसेंबरात लॅपटॉपनं डोळे फिरवले, म्हणून हे सगळं.
बत्तीस वर्षांचं तापमान, वारा, बर्फाची जाडी,
दोन हिवाळे एका बोटानं टंकलेलं,
पंख्याच्या घरघरीत अडकून पडलं. दोन तास.
मग तो उठला.
तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, क्लाउडवर टाक ना सगळं."
अरे, मी जन्मभर ढगांचीच नोकरी केली.
आभाळाचे आठ भाग करून मोजले,
उंची लिहिली, जात लिहिली,
एकानंही माझं काही
सकाळपर्यंत सांभाळल्याचं आठवत नाही.
राग्नारला हसू आलं नाही.
"तिथं वीज जात नाही," एवढंच म्हणाला.

पहिला प्रोग्रॅम गोड बोलतो.
"तुम्ही सुरक्षित आहात." कशावरून, ते सांगत नाही.
मी इकडं एक फाइल पुसली
तर त्यानं तिकडचीही पुसली, आज्ञाधारकपणे.
याला म्हणे मिररिंग म्हणतात.
आरशात सत्तर वर्षं पाहतेय,
कालचा चेहरा त्यानं एकदाही परत दिला नाही.

दुसरा सगळं कुलूपबंद करतो.
झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल.
पण पासवर्ड विसरलात तर मूठ आम्हालाही उघडणार नाही,
असं तीनदा बजावतो,
आणि मी चष्मा फ्रीजमध्ये ठेवणारी बाई.

तिसरा राखाडी, सरकारी अर्जासारखा.
रविवारी पूर्ण प्रत, रोज रात्री फक्त बदललेलं.
आणि विचारतो : पुसलेलं किती दिवस ठेवायचं?
तीस दिवस. एक वर्ष. कायम.

उत्तर न देता मी आधी त्याचीच परीक्षा घेतली.
जानेवारी सत्त्याऐंशीची फाइल मुद्दाम उडवली
आणि म्हटलं, दे परत.
तो म्हणाला, कुठली?
मंगळवारची की गुरुवारची?

मंगळवारच्या प्रतीत नऊ, दहा, अकरा तारखेला
उणे एकवीस, उणे बावीस, उणे एकवीस.
शेजारच्या दिवसांशी नातं सांगणारे, देखणे आकडे.
गुरुवारच्या प्रतीत तिन्ही घरं रिकामी.
बुधवारी रात्री मीच खोडले होते,
कारण त्या तीन दिवसांत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.
आकडे टेबलाशी बसून पाडले होते, खाली सही ठोकली होती.
ताप होता, असं पुढं तपासनिसाला सांगितलं.
फेरीबोट बंद होती,
दीपगृहाचा मेकॅनिक परत जाऊ शकला नव्हता,
हे त्यानं विचारलं नाही.

दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडून
बराच वेळ बसले.
बाहेर उणे चार असावं. पाहायला गेले नाही.

मग "चुकलं तर काय"च्या रकान्यात लिहिलं :
दोन्ही राहतात.
"कायम"वर टिचकी मारली. एकोणचाळीस युरो.
ड्राइव्हची वायर ढिली आहे, राग्नारला सांगायचंय.
आणि हे पाकीट टाकायचं नाही,
बीट कधी पेरायचं ते पुढच्या बाजूला आहे.