वहाण

पहिल्या भागात मी वाऱ्यांच्या राखणदाराला मारलं.
दुसऱ्यात नदीच्या म्हाताऱ्या देवाला;
त्याची दाढी लव्हाळ्यासारखी पात्यात गुंतली,
तीनदा हिसडावी लागली.
तिसऱ्यात मारण्याजोगं कुणी उरलंच नव्हतं,
तेव्हा त्यांनी माझ्यासाठी घाईघाईने एक देव घडवला.
तो कशाचा देव, हे मरतानाही त्याला सांगता आलं नाही.

सगळं एका बोकडावरून.
एका साली बळीत एक बोकड कमी पडला,
मी तो आणायला डोंगर चढलो,
परतलो तेव्हा घराच्या जागी
धूर उभा होता, भिंतींएवढा, चौकोनी.

हे घडल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही.
थेआनो मरावी लागते. मिर्तो मरावी लागते.
मग कुठे माझ्या हातात तलवार देतात
आणि पडद्यावर नाव येतं, तांबड्या अक्षरांत.

स्त्रातिसने तिन्ही भाग एका हिवाळ्यात संपवले.
पेरामाला राहतो, गोदीच्या वरच्या चढावर,
दिवसभर जहाजांचे पत्रे जोडतो.
त्याचा अंगठा ठिणग्यांनी पोळलेला आहे.
मला तो दिसत नाही, पण बटण दाबलं जाताना
कुठे दुखतंय ते कळतं.
देव पडला की खेळ म्हणतो, झालं, पुढे चल.
स्त्रातिस पुढे जात नाही.
पडलेल्यावर आणखी सात वार, आठ, अकरा.
मेलेल्या देवाचे गुण मिळत नाहीत.
मला वाटायचं, हा हात माझ्यासाठी उठतोय.

मग एकदा फोन वाजला आणि मी अर्ध्या उडीत थांबलो,
दरीवर, एक पाय पुढे.
तिथे लोंबकळत ऐकलं: वकील, तारीख, पुन्हा पुढे.
मिल्तोस ज्या टाकीत उतरला
तिच्यात वायू उरलेला नाही, असं कागदावर लिहिलं होतं.
खाली सही होती.
सही करणारा ग्लिफादाला राहतो, सकाळी कुत्रा फिरवतो,
आणि त्याच्या डोक्यावर लाल पट्टी तरंगत नाही
जी वारागणिक आखूड होईल.
धाकटा होता मिल्तोस.

काल रात्री स्त्रातिसने पहिला भाग पुन्हा लावला.
थेआनो जवाचं पीठ मळत होती. तिला दोनच वाक्यं दिलीत:
“पीठ संपत आलंय” आणि “उशीर करू नकोस.”
मिर्तो एका पायात वहाण घालून
लंगडी घालत दुसरी शोधत होती.
उंबरठ्यापाशी एक गोल खूण चमकते,
दाबली की मी डोंगराकडे.
त्याने दाबली नाही.

मी उभा राहिलो.
कुणी हलवलं नाही की मी काय करतो
हे मलाही ठाऊक नव्हतं:
भार या पायावरून त्या पायावर टाकतो, मान खाजवतो,
आणि बऱ्याच वेळाने, एकदाच, मुलीकडे बघतो.
कुणीतरी हे मुद्दाम बसवलं होतं,
कुणी थांबणार नाही अशा ठिकाणी.

त्याने नजर घरभर फिरवली.
चूल. दोरीला टांगलेले कांदे.
आणि रांजणामागे, वहाण.
इतकी वर्षं ती तिथेच होती.
उचलायला बटण नाही. त्याने सगळी दाबून पाहिली.
मी रिकाम्या हाताने हवेत वार केले,
गुडघ्यावर बसलो, उड्या मारल्या,
बापाने करायचं तेवढं सोडून सगळं केलं.

पहाटे गोदीचा भोंगा झाला.
तो टीव्ही बंद न करता गेला.
जिन्यावर बूट वाजले, मग नाही.

आता खिडकीतलं ऊन माझ्या अर्ध्या चेहऱ्यावर आलंय.
डोंगरावर बोकड चरत असेल.
घोडेस्वार कुठेतरी
निघायच्या इशाऱ्यासाठी खोगिरावर अवघडले असतील.
“उशीर करू नकोस,” थेआनो म्हणते, सहाशेव्यांदा.
नाही करत.
पिठाचा गोळा फुगत नाही, संपत नाही.
मिर्तो रांजणाच्या या बाजूने जाते,
त्या बाजूने जाते.