खाच

ऊन मोजायचं यंत्र. उन्हाला तोटा नाही,
पण गच्चीवर जागा मिळेना.
पाण्याची टाकी, डिशची ताटली, शेजारचा मिनार,
क्षितिजावर ज्याची त्याची अडचण.
तिसऱ्या दिवशी सापडला दक्षिणेचा कठडा:
उजाडल्यापासून मावळेपर्यंत
इथे कुणाचीच सावली नाही.

खांब उत्तरेला, वायर उत्तरेला.
लेव्हलचा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध येईतो
पाव पाव आटा फिरवत राहिलो.
‘हललास तर बघ,’ मी बुडबुड्याला म्हणालो.
वारिसला वाटलं, त्यालाच.
किती वेळ पुतळ्यासारखा उभा.

अल खोरची धूळ पिठासारखी,
वर समुद्राची ओल; काचेवर लगेच खपली धरते.
रोज सकाळी सातला वारिस घुमट पुसायचा,
जुन्या बनियनच्या चिंधीनं,
नातवाचं नाक पुसावं तसा.
आणि आलेखात रोज सातला एक खाच.

‘कसली सावली ही?’ दोह्याहून साहेबांचा फोन.
माणसाची, मी म्हणालो.

ऑगस्टात तो गावी गेला, मानसेहऱ्याला.
आता रेघ कशी गुळगुळीत. साहेब खूश.
रोज केसभर खाली येते,
इतकंच.