पत्रक क्रमांक ४१२

बेटावदच्या पुढे, पांझरेच्या अंगाला,
एका बांधावरून कापून आणला. डिसेंबर, सकाळचे नऊ.
हातमोजे होते, तरी अंगठ्यात काटा राहिलाच.

उटकटारा. कुळ सूर्यफुलाचं.
पान वरून हिरवट, खालून कापूस पिंजून चिकटवल्यासारखं,
कडा दातऱ्या, दातागणिक काटा.
मूळ खणायला गेलो:
कुदळीचा दांडा हलला, मूळ नाही.

वर्गात दरवर्षी सांगतो,
या कुळात फूल म्हणजे फूल नसतं,
शे-दोनशे फुलं एका ताटात जेवायला बसलेली असतात.
पोरं सूर्यफूल फोडतात, मोजतात, ऐंशीवर कंटाळतात.
उटकटाऱ्याचं तसंही नाही.
इथे ज्याचं त्याचं ताट वेगळं,
ताटात एकच फूल, भोवती छदांचं स्वतःचं कुंपण,
आणि अशी कितीतरी कुंपणं
एका गोळ्यावर पाठीला पाठ लावून उभी.
एकत्र राहतात म्हणावं,
तर प्रत्येकाचं दार निराळं.

सूर्यफूल कडेकडून आत उमलत जातं.
म्हणून फळ्यावर हाही तसाच काढायचो,
खालून वर, बाण दाखवून.
अकरा वर्षं.

बांधावर मेंढ्या वळवत होती ठगूबाई ठेलारी.
वहीतलं चित्र तिने हातात घेतलं, फिरवलं,
उलटं धरून पाहिलं. म्हणाली,
“आते बराबर शे. हाई वरथीन उमलस, मंग खाले येस.”

भिंग काढलं.
माथ्यावर पाच-पाच पाकळ्या मागे वळलेल्या, पांढऱ्या,
मधोमध निळसर परागकोश,
आणि कमरेखाली अजून हिरवे, मिटलेले भाले.
बी कुठे जातं, विचारलं.
तिने एका मेंढीच्या मानेवरची लोकर उकलली
आणि कुठल्याशा शिवारातलं वाळकं कुंपण
माझ्या तळहातावर ठेवलं. आत बी शाबूत.

संध्याकाळी दाबायला घातला. चेंडू काही सपाट होईना.
पट्टे आवळले तसे काटे
कपाशीच्या भावातून आरपार गेले
आणि खालच्या निधनवार्तेत थांबले.

पत्रकावर रकाने: नाव, कुळ, स्थळ, तारीख, संग्राहक.
कोणी सांगितलं, याला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: ‘उमलणे वरून खाली. ठगूबाई ठेलारी.’
शिक्का मारणारा विचारेल, यांचा हुद्दा काय.

कपाटाचं दार तेव्हापासून नीट लागत नाही.
फट राहते. चेंडूएवढी नाही,
त्याहून थोडी कमी.