ठराव क्रमांक सात

सबब असे ठरले की —
इथपर्यंत लिहून पेन थांबलं आहे.

सभा रविवारी साडेदहाला, गणपूर्तीअभावी तहकूब,
अकराला त्याच जागी पुन्हा भरली,
स्टिल्टमध्ये, दुचाक्या बाजूला सारून.
विषय सहाशे तीन.

सहाशे तीन ठोसरांचं. ठोसर पुण्यात.
ग्रिलला चार आकड्यांची डबी टांगलेली, डबीत किल्ली.
ठोसर फोनवर आकडे सांगतात, माणसं येतात.
ठोसर आकडे बदलतात, माणसं बदलतात.
पाचशे तीनच्या पाठारेबाई म्हणाल्या,
रात्री अडीचला सुटकेसची चाकं
लादीच्या सांध्यांवरून जातात तेव्हा
उशाशी कुणी डाळ भरडतंय असं वाटतं.
नेरूळच्या स्टेडियमात गाणी होती त्या शनिवारी
अकरा जण उतरले,
त्यातले दोघे पहाटे आमच्या टाकीवर सापडले, झोपलेले.
हे इतिवृत्तात घ्याच, असंही त्या म्हणाल्या.
घेतलं.
वॉचमनच्या रजिस्टरात दोन वर्षं एकच ओळ:
नाव — गेस्ट. कुठून — ऑनलाइन.

मी नोंदणीचा मुद्दा मांडला.
मांडताना लिस्बनचं नाव काढलं नाही.
ऋता तिथं शिकते. मार्चमध्ये तिची खोली गेली.
म्हातारा मालक वारला, मुलानं भिंती पांढऱ्या केल्या,
चार पलंग टाकले, दाराशी तशीच एक डबी लावली.
पोरीनं तीन महिने तीन मैत्रिणींच्या सोफ्यांवर काढले.
फोनवर म्हणाली, बाबा, इकडे आता कायदा झालाय,
अशा घराला नंबर लागतो,
नंबर नसेल तर जाहिरात उतरवायची,
किती रात्री दिल्या ते कंपनीनंच कळवायचं.
मी विचारलं, मग मिळाली का खोली?
म्हणाली, नंबर मिळालाय बाबा. घराला.

तर ठरावाच्या बाजूनं एकोणीस, विरोधात चार.
सूचक पाठारे, अनुमोदक मी.
एका वेळी किमान तीस रात्री, त्याखाली कुणालाही नाही.
टाळ्या. वेफर्स. चहा थोडा कमी पडला.

मंगळवारी रात्री पावणेबाराला बेल वाजली.
दारात एक माणूस, हातात कुकर,
मागं आठ-नऊ वर्षांचा मास्क लावलेला मुलगा, टक्कल केलेला.
डबी उघडत नाही, म्हणाला. सेक्रेटरी तुम्हीच ना?
लिफ्टमधल्या नोटिशीवर नाव वाचलं.
भिकन, चोपड्याचा. टाटाला पोराचं चौथं सायकल.
लॉजवर कुकर लावू देत नाहीत, भाऊ,
आणि याला बाहेरचं चालत नाही.
डबीचा चौथा आकडा अडकत होता.
मी नखानं फिरवला.
सुटकेस त्यानं डोक्यावर घेतली होती.
म्हटलं, चाकं आहेत की.
तो म्हणाला, नोटिशीत लिहिलंय ना, ओढू नये.
खाली सही माझीच आहे.

शुक्रवारी निघताना किल्ली डबीत टाकून तो सांगून गेला,
एकवीस दिवसांनी परत. हीच जागा मिळाली तर बघा,
खिडकीतून डोंगर दिसतो, पोरगं त्याकडं बघत जेवतं.
मी बरं म्हणालो. म्हणजे काय म्हणालो?

त्या रात्री रजिस्टर वर मागवून घेतलं.
गेस्ट खोडून लिहिलं: भिकन दगडू महाले,
सोबत चि. हितेश, इयत्ता तिसरी, मुक्काम तीन रात्री.
वॉचमन म्हणाला, साहेब, एवढं सगळं
प्रत्येकाचं लिहायचं का?

मसुदा महिन्याच्या आत फलकावर लागायला हवा.
पाठारेबाई रोज विचारतात.
सबब असे ठरले की, एका वेळी किमान
........ रात्री
अशी जागा सोडून पुढचं सगळं सुवाच्य लिहून ठेवलंय,
दंडाची रक्कमसुद्धा, अक्षरी.

आज एकविसावा दिवस.
ठोसरांनी आकडे बदलले असतील.